पेल्याची किंमत आणि पाण्याचे मोल

पुण्यात २००९ साली ‘डुलाली’ने लहान प्रमाणावर बिअर तयार करण्यास प्रारंभ केला आणि महाराष्ट्रात एक नवा व्यवसाय उदयास आला. आज पुण्या-मुंबईत अशा बिअरच्या एका पेल्याला तीन-चारशे रुपये सहज मोजले जातात. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीच्या कामावरील दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. बदनापूरहून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्या शहरांत गेलेला तरुण हा हिशेब मनात मांडल्यावाचून राहणार नाही. ही किंमत रास्त आहे काय?

केवळ उत्पादनखर्च पाहिला तर ती सर्वस्वी अवाजवी म्हणता येणार नाही. मोठा कारखाना लाखो लिटर माल एकाच चवीचा काढतो; जवाच्या जोडीला तांदूळ, मका वा साखर वापरून खर्च आटोक्यात ठेवतो. लहान उत्पादकाचा घाणा छोटा, माल्ट अधिक, हॉप्सची फुले बहुधा परदेशातून आणलेली. त्याची बिअर बहुधा न गाळता, न तापवता दिली जाते. म्हणून ती थंड ठेवावी लागते आणि लवकर खपवावी लागते. त्यावर शासनाचा कर आणि शहरातील जागेचे भाडे. चव निराळी असते, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु किंमत म्हणजे मोल नव्हे. एक लिटर बिअरमागे काटकसरी मोठा कारखानाही साधारण तीन-चार लिटर पाणी खर्च करतो. लहानाचे प्रमाण बहुधा याहून अधिक असते. मराठवाड्याला हा हिशेब नवा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी जात असता उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या होत्या. पेल्याच्या किमतीत या पाण्याचे मोल कोठे धरलेले असते?

‘स्थानिक’ या शब्दाचाही येथेच कस लागतो. जव राजस्थान-हरियाणाचा, फुले परदेशची. मग स्थानिक उरले ते काय? पाणी! नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील कारखाने ज्वारी व मक्याकडे वळले. मराठवाड्याच्या रानात ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पिकते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने ‘बीडीएन ७११’ सारखे तुरीचे वाण शेतकऱ्याच्या हाती दिले. असे संशोधन ज्वारीच्या माल्टसाठी करणे अशक्य नाही. मात्र भाकरीच्या ज्वारीला ओढ लागणार नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

मद्यसेवनाला प्रतिष्ठा देण्याचा येथे हेतू नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यबंदीची दिशा दाखविली आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कोणत्या गावात नाहीत? परंतु शासन परवाने देते आणि महसूलही घेते. तेव्हा प्रत्येक परवान्याबरोबर पाण्याचा वार्षिक हिशेब जाहीर करण्याची आणि वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची अट त्याने अवश्य घालावी. ज्या पेल्यातील चार पैसे कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी पडतील आणि ज्याच्यासाठी कोणाचा हंडा रिकामा राहणार नाही, त्याची किंमत रास्त म्हणता येईल. तोवर ग्राहक चवीचे पैसे मोजतो. पाण्याचे मात्र दुसरेच कोणी मोजत असते.