मत गेले की मक्ता गेला?

निवडणुकीचा हंगाम आला, की उदगीरच्या सुशिक्षित घरांतून एक गाऱ्हाणे नेमाने ऐकू येते. लोकसभेची जागा राखीव, विधानसभेची जागाही राखीव. तेव्हा आमच्या मतास आता किंमत ती काय उरली? आम्ही केवळ बोटास शाई लावून घरी यावयाचे, असा त्या गाऱ्हाण्याचा मथितार्थ असतो. ते करणारी मंडळी बहुधा शिक्षक, वकील, डॉक्टर, व्यापारी अशी सभ्य आणि कायदा पाळणारी असतात, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. दांडगटाचा कुतर्क चव्हाट्यावरच विरून जातो. सभ्य गृहस्थाचा कुतर्क मात्र ओसरीवर येऊन बसतो आणि मुलाबाळांच्या कानी पडतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उदगीर तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला, 1960 साली महाराष्ट्रात आला, आणि 1982 च्या ऑगस्टात लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा त्यात गेला. निझामाच्या अमदानीत सामान्य रयतेस मताधिकार नव्हता. तो येथे 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आला. म्हणजे ज्या मताविषयी आज एवढी हळहळ चालली आहे, ते मत सवर्णाच्या आणि दलिताच्या हाती एकाच दिवशी पडलेले आहे. या ठेव्यात कोणी थोरला वारस नाही.

2008 च्या मतदारसंघ-पुनर्रचनेने लातूरची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. महाराष्ट्राच्या 48 जागांपैकी अशा जागा 5 आहेत. लातूर मतदारसंघात लोहा, लातूर ग्रामीण, लातूर शहर, अहमदपूर, निलंगा आणि उदगीर असे सहा विधानसभा-विभाग मोडतात. त्यांपैकी विधानसभेसाठीही राखीव असलेला विभाग एकट्या उदगीरचा. 2009 पासून उदगीरकर दोन्ही वेळा राखीव जागेसाठी मत देतो, हे खरे आहे. परंतु यावरून त्याचे मत गेले हे अनुमान कोणत्या न्यायशास्त्रात बसते, ते आम्हांस समजत नाही.

कायद्याने बंधन घातले आहे ते उमेदवारावर. मतदारावर कसलेही बंधन नाही. लातूर जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे लोक सुमारे एक पंचमांश आहेत. उरलेल्या चार हिश्शांच्या मतावाचून या जागेवरून कोणीही निवडून येऊ शकत नाही. 2009 साली काँग्रेसचे जयवंत आवळे आठ हजारांहून कमी मताधिक्याने निसटते विजयी झाले. 2014 साली याच मतदारांनी भारतीय जनता पक्षाच्या सुनील गायकवाडांस अडीच लाखांवर मताधिक्य दिले. 2019 साली त्याच पक्षाच्या सुधाकर शृंगारे यांस त्याहूनही अधिक दिले. आणि 2024 साली शृंगारे यांस सुमारे बासष्ट हजार मतांनी पाडून काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे यांस दिल्लीस धाडले. ज्या मताने पंधरा वर्षांत दोन वेळा पारडे उलटे केले, ते मत निर्जीव म्हणावयाचे काय?

मग गेले ते काय? ते पाहण्यासाठी जागा खुली होती तो काळ डोळ्यांसमोर आणावा. 1977 साली शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील येथून निवडून आले. 1980 पासून 1999 पर्यंत शिवराज पाटील चाकूरकर लागोपाठ सात वेळा निवडून आले व मध्यंतरी लोकसभेचे सभापतीही झाले. 2004 साली त्यांचा पराभव केला तो रूपाताई पाटील निलंगेकर यांनी, म्हणजे माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या स्नुषेने. या व्यक्तींच्या योग्यतेविषयी येथे वाद नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या बत्तीस वर्षांत उदगीरच्या पेठेतील कोणत्या व्यापाऱ्यास, कोणत्या शिक्षकास वा वकिलास लोकसभेचे दार उघडे होते? जागा कायद्याने खुली होती; व्यवहारात ती दोनचार थोर घराण्यांच्या वाड्यातून जात होती. चोवीस वर्षे एकच नाव पुढे आले, तेव्हा आपणांस निवडीस वाव नाही असे कोणास वाटले नाही. पुढे चार निवडणुकांत चार निरनिराळी माणसे निवडून आली, तेव्हा मात्र वाव गेल्याची आठवण झाली. आमच्या मते गेला तो मक्ता. आणि तोही गाऱ्हाणे करणाऱ्यांचा स्वतःचा कधी नव्हताच. दुसऱ्याचा मक्ता गेल्याचे दुःख आपले मानून घेणे, ही या प्रकरणातील खरी केविलवाणी गोष्ट आहे.

आता ज्याचे मत खरोखर दुबळे आहे त्याच्याकडे वळू. तो आहे दलित मतदार. 1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांची मागणी मागे पडली आणि संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. परंतु त्या करारात एक तरतूद होती: प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी चार नावे निवडावी आणि मग त्या चौघांतून सर्वांनी मिळून एकास निवडावे. ही प्राथमिक निवड दहा वर्षांपुरती होती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या. ही पायरी राहिली नाही. परिणाम काय होतो तो पहिल्याच निवडणुकीत दिसला. 1952 साली खुद्द डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर पराभूत झाले व काँग्रेसचे नारायण काजरोळकर विजयी झाले. लातुरातही 2019 साली वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारास लाखावर मते पडली, तरी तो तिसराच राहिला. राखीव जागेवर दलित उमेदवारच निवडून येतो, हे खरे; पण दलितांस हवा तोच निवडून येतो असे मुळीच नाही. तेव्हा रडावयाचेच झाले तर पहिला हक्क त्यांचा आहे.

तरीही या व्यवस्थेत दोष नाही असे आमचे म्हणणे नाही. दोष आहे, व तो पक्षांच्या वागणुकीत आहे. लोकसभेच्या राखीव जागेस देशातील कोणत्याही मतदारसंघाचा, अनुसूचित जातीचा मतदार उभा राहू शकतो. या सवलतीचा लाभ घेऊन 2009 साली कोल्हापूर जिल्ह्याच्या राजकारणात मुरलेले आवळे येथे आणले गेले. ते निवडून आले. पण 2014 साली त्यांच्या पक्षाने उमेदवारी दुसऱ्यास दिली. गायकवाड अडीच लाखांच्या मताधिक्याने आले. पाच वर्षांनी त्यांच्याही पक्षाने त्यांस बाजूस सारले. खुल्या जागेवरचा पुढारी सात वेळा उभा राहतो आणि संसदेचे काम शिकून सभापतिपदापर्यंत चढतो. राखीव जागेवरचा मनुष्य मात्र भाड्याच्या बैलासारखा एका हंगामापुरता जुंपला जातो. राखीव जागेचा सदस्य प्रभावहीन असतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम हे सांगावे, की प्रभाव कमावण्यास त्यास अवधी कोणी दिला? जेथे तो मिळाला, तेथे फळही दिसले. उदगीरच्या विधानसभेच्या जागेवर सुधाकर भालेराव 2009 व 2014 साली, तर संजय बनसोडे 2019 व 2024 साली निवडून आले, आणि बनसोडे मंत्रिमंडळातही गेले. राखीव झाल्याने उदगीर मुके झाले, हे म्हणणे येथेही टिकत नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही सरळ मान्य करतो. एकाच गावावर दोन्ही आरक्षणे वर्षानुवर्षे कायम राहिली, तर तेथील इतर जातींच्या कार्यकर्त्यास परगावीच उमेदवारी शोधावी लागते. पुढील पुनर्रचनेच्या वेळी राखीव जागा फिरत्या असाव्या, अशी मागणी कोणी केली तर तीत अन्याय नाही. परंतु या मागणीची दुसरी बाजूही पुऱ्या मनाने उचलली पाहिजे. जागा फिरावयाची असेल, तर खुल्या जागेवर लायक दलितास उमेदवारी देण्याचे औदार्यही फिरत फिरत आपल्या दाराशी आले पाहिजे. हे अशक्य नाही. 1998 साली अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सू. गवई व चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे चौघे लोकसभेवर गेले, आणि त्या चारही जागा तेव्हा खुल्या होत्या. ज्या दिवशी असे प्रसंग अपवाद न राहता नित्याचे होतील, त्या दिवशी आरक्षण उठवा म्हणणाऱ्यांच्या शब्दास वजन येईल. तोपर्यंत ती मागणी म्हणजे शेजाऱ्याच्या घराचा आडोसा काढून आपले अंगण मोठे करण्याचा उद्योग आहे.

सुशिक्षित कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच. उमेदवार ठरतो तेव्हा तुम्ही कोठे असता? पक्षाच्या सभासदत्वाचा अर्ज तुमच्यापैकी किती जण भरतात? येथील राखीव जागेसाठी येथील माणसांतून, येथील दलित वस्त्यांस विचारून आणि वेळेवर नाव ठरवा, अशी मागणी कोणत्या वकील-मंडळाने वा व्यापारी-संघाने पक्षांकडे लेखी केली आहे? चांगले काम केलेल्या सदस्यास अकारण बदलू नका, असे पत्र कोणी धाडले आहे? ही कामे करण्यास जात आड येत नाही. ती न करता मत गेले म्हणून हळहळणे फार सोपे आहे, आणि त्या हळहळीचा लाभ मुंबई-दिल्लीत बसून नावे ठरविणाऱ्यांसच होतो. उदगीरकरांचे मत आहे तेथेच आहे. ते कोणासाठी व कशासाठी वापरावयाचे, याचा विचार मतदानाच्या दिवसाआधी वर्षभर करावयाचा असतो, एवढेच काय ते शिकावयाचे उरले आहे.