चित्रपटविषयक मराठी ग्रंथ : साधन की संहिता?

बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ साली पडद्यावर आला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात सावकाराच्या कचाट्यात सापडून जमिनीला मुकणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, हे त्यातील दृश्य भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभबिंदू म्हणून अनेक ठिकाणी उल्लेखिले जाते. हे वर्णन मुळात जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीतून आलेले आहे. तो मूकपट आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्या दृश्यावर एका कलापरंपरेचा इतिहास उभा केला जातो, ते दृश्य सांप्रतच्या कोणाही अभ्यासकाने पाहिलेले नाही. त्याच्या हाती आहे ते एका प्रेक्षकाने पुढे केव्हातरी शब्दांत बांधलेले त्याचे स्मरण.

ही अवस्था अपवादात्मक नाही. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि अल्पजीवी. तीतील चांदी काढून घेण्यासाठीही ती नष्ट केली जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली, तोपर्यंत मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले होते. 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) जो भाग उरला आहे, तोही फाळक्यांनी १९१७ मध्ये केलेल्या नव्या आवृत्तीचा असावा असे काही इतिहासकारांचे मत आहे. अशा परिस्थितीत चित्रपटाच्या सांस्कृतिक इतिहासाचा मोठा भार पुस्तकांवर पडतो, आणि त्या पुस्तकांतला फार मोठा वाटा मराठीचा आहे. आत्मचरित्रे, शब्दांकित आठवणी, संस्थांच्या कहाण्या, नियतकालिकांतील लेखमाला असे हे वाङ्मय विपुल आहे. त्याची वाङ्मय म्हणून दखल मात्र क्वचितच घेतली गेली. इतिहासकाराने त्याकडे माहितीचे कोठार म्हणून पाहिले; साहित्याच्या अभ्यासकाने 'कलावंतांची आत्मचरित्रे' या सदरात त्याची नोंद केली आणि तो पुढे गेला. दोघांनीही एक प्रश्न टाळला: ही पुस्तके कोणी, कोणासाठी आणि कोणत्या वाङ्मयीन घाटात सिद्ध केली? त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज त्यांतील साक्ष ग्राह्य धरणे धोक्याचे आहे, आणि हे उत्तर शोधण्याची साधने साहित्याच्या अभ्यासकापाशीच आहेत.

फाळक्यांचेच उदाहरण घ्यावे. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहत असता डोळ्यांपुढून ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग सरकत होते आणि मनश्चक्षूंना राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती, हा तेथील प्रसंग सर्वश्रुत आहे. तो १९१० च्या नाताळातला की १९११ च्या ईस्टरमधला, यावर पुढे बरीच चर्चा झाली. ती निरर्थक नाही. पण तिच्यात एक गोष्ट निसटली. हा प्रसंग साक्षात्कारकथेच्या घाटात रचलेला आहे. परक्या देवाच्या दर्शनात आपला देव दिसणे, त्या रात्रीची अस्वस्थता, मग ध्यास, हालअपेष्टा आणि सिद्धी, हा क्रम मराठी वाचकाला संतचरित्रांतून चांगला परिचित होता. फाळके स्वदेशीच्या वातावरणात, एका नव्या धंद्यासाठी समाजाची सहानुभूती मिळवण्याच्या हेतूने लिहीत होते. भांडवलाची याचना भक्तीच्या भाषेत करण्याचे त्यांचे कौशल्य असाधारण आहे. तारीख चुकली असली तरी या गद्याचे मोल उणावत नाही. उलट चित्रपट नावाच्या यंत्रोत्पन्न वस्तूला मराठी समाजात प्रतिष्ठेची जागा कोणत्या भाषेने मिळवून दिली, हे त्यातूनच कळते.

पुढच्या काळातील चार ग्रंथांची केवळ शीर्षके शेजारीशेजारी ठेवली तरी हे वाङ्मय किती बहुविध आहे याची कल्पना येते. शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमात?' (१९४०), हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०), दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' (१९८२) आणि व्ही. शांताराम यांचे 'शांतारामा' (१९८६). पहिले शीर्षक प्रश्नार्थक आहे, आणि तो प्रश्न लेखिकेचा नाही. तो घरातील वडीलधाऱ्यांची अनुज्ञा मागणाऱ्या एखाद्या मुलीचा आहे. दुसरे बोलीतील क्रियापदाने सुरू होऊन श्रोत्याला आज्ञा करते. तिसरे संपूर्ण नाव उच्चारते: ज्या नावाला चित्रपटप्रवेशाने बट्टा लागेल असे सुस्थित घराण्यांना वाटत होते, ते नाव. चौथे संबोधन आहे. बोलणारा आणि ज्याला बोलावले जाते तो, एकच. चार शीर्षकांत 'मी'ची चार व्याकरणे आहेत. 'चित्रपटकलावंतांची आत्मचरित्रे' असा एकच शिक्का त्यांच्यावर मारल्याने ती एकमेकांपासून ओळखूही येत नाहीत.

यांपैकी पहिल्या पुस्तकाची उपेक्षा सर्वांत खटकणारी आहे. शांता आपटे यांची कीर्ती 'अमृतमंथन' (१९३४), 'अमरज्योती' (१९३६) आणि विशेषतः 'कुंकू' (१९३७) यांवर उभी आहे. 'कुंकू' नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला. जरठविवाह मानण्यास नकार देणारी नीरा ही त्यातील नायिका. १९३९ साली या अभिनेत्रीने प्रभात फिल्म कंपनीशी झालेल्या वादातून कंपनीच्या पुण्यातील दारापाशी उपोषण केले. दुसऱ्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' प्रसिद्ध झाले. या तीन घटनांचा क्रम पाहता कोणासही वाटेल की पुस्तकात उपोषणाची हकीकत, स्टुडिओतील कुरबुरी, आवडत्या भूमिकांच्या आठवणी असतील. ते तसे नाही. चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला उद्देशून लिहिलेला तो एक निबंध आहे, आणि त्याचे विषय आहेत मालक, भांडवल, करार, श्रम आणि थकवा. पडद्यावरील झगमगाटामागे एक कारखाना आहे आणि नटी त्या कारखान्यातील कामगार आहे, ही त्याची भूमिका.

हे पुस्तक 'आत्मचरित्र' या वर्गात बसत नाही, म्हणून ते आत्मचरित्राच्या इतिहासातून वगळले गेले. 'सिनेमाविषयक' म्हणून ते वैचारिक गद्याच्या इतिहासातही आले नाही. वास्तविक त्याची जागा ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) पासून चालत आलेल्या वादप्रवण स्त्रीगद्यात आहे. शिकून नोकरी करणाऱ्या अविवाहित स्त्रीचा कोंडमारा विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मध्ये कथारूपाने मांडला, त्याला अवघी सात वर्षे झाली होती. मिळवत्या स्त्रीच्या शरीराला कामाने येणारा थकवा हा विचाराचा विषय होऊ शकतो, हे मराठीत इतक्या लवकर कोणी लिहिले असेल तर त्याची दखल कामगारवाङ्मयाच्या चर्चेतही घेतली जायला हवी होती. ती अखेर घेतली गेली, पण इंग्रजीत: देबश्री मुखर्जी यांच्या 'बॉम्बे हसल' (२०२०) या मुंबईतील चित्रपटनिर्मितीच्या इतिहासग्रंथात आपट्यांच्या पुस्तकाला कलावंताच्या श्रमाविषयीचा गंभीर विचार म्हणून स्थान मिळाले. मराठी विभागांतून पहिल्याने वाचले जावे असे पुस्तक मराठी विद्यार्थ्यापर्यंत इंग्रजीच्या वळशाने पोचते, याचा खेद मानण्यापेक्षा त्याची कारणे तपासणे बरे.

एक कारण अभ्यासक्रमातच सापडते. साहित्य आणि चित्रपट यांचा संबंध म्हटला की 'माध्यमांतर' हा एकच दरवाजा उघडला जातो. 'श्यामची आई', 'सिंहासन' अशी उदाहरणे घ्यायची, कादंबरीत काय होते आणि पडद्यावर काय उरले याची यादी करायची, आणि प्रत्येक माध्यमाची स्वतःची भाषा असते या निष्कर्षाशी थांबायचे. हा निष्कर्ष प्रबंध लिहिण्यापूर्वीही ठाऊक असतो. अरुण खोपकर यांनी 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' मध्ये 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' यांच्या दृश्यरचनेची जी चिकित्सा केली, तीनंतर तरी ही यादीची पद्धत मागे पडायला हवी होती. खोपकरांच्याच 'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सिनेमाविषयीचे गद्य हे साहित्य आहे, हे अकादमीला मान्य झाले, अभ्यासक्रमांना अद्याप व्हायचे आहे.

'सांगत्ये ऐका'चा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. हे पुस्तक दुर्लक्षित नाही. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'ने (१९७७) ते देशभर पोचवले. स्त्रियांच्या आत्मकथनांच्या चर्चेत त्याचे नाव हमखास येते. त्यातील निःसंकोच कथनाची प्रशंसाही पुष्कळ झाली. परंतु हे कथन हंसाबाईंनी लिहिलेले नाही. त्यांनी ते सांगितले, अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले, आणि 'माणूस'मधून वाचकांसमोर येऊन नंतर ते पुस्तक झाले. (पुढे 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या जडणघडणीत या कामाचा वाटा काय, हाही एक न विचारलेला प्रश्न.) आखूड, तोडलेली वाक्ये; काळाच्या क्रमाची फिकीर न करणारी उडी; मोठ्या आघाताचे वर्णन एका ओळीत उरकून एखाद्या क्षुल्लक तपशिलापाशी रेंगाळणे: या शैलीला 'प्रांजळ' म्हणून गौरवले जाते. ती प्रांजळ आहेच. पण ती कोणाची? बोलणारीच्या लयीची, की साठोत्तरी गद्याचे नवे वळण ज्याच्या हाताला लागले होते त्या तरुण पत्रकाराची?

या प्रश्नाने हंसाबाईंचे श्रेय कमी होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त बोलीचा जो प्रत्यय येतो, त्याचेही कर्तृत्व कोणी लेखणी कोणाच्या हाती होती यावर मोजत नाही. शब्दांकनाला मात्र 'फसवणूक' किंवा 'केवळ लेखनिकाचे काम' या दोन टोकांतच बसवले जाते, आणि प्रत्यक्षात ते एक स्वतंत्र वाङ्मयीन कर्म असते. कलावंतिणीच्या परंपरेतून आलेली, बॉम्बे टॉकीज व प्रभात या दोन्ही संस्थांत काम केलेली, 'संत सखू' (१९४१) आणि 'रामजोशी' (१९४७) या दोन परस्परविरोधी प्रतिमांत समाजाने पाहिलेली एक स्त्री, सुशिक्षित मध्यमवर्गीय वाचकाच्या नियतकालिकासाठी, एका पुरुष पत्रकारासमोर बोलते. तिने काय सांगितले, काय गाळले, त्याने काय विचारले, संपादकाच्या हाताखालून काय गेले, या साऱ्यांचा मिळून तो मजकूर झाला आहे. शीर्षकदेखील तिच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचे आहे. म्हणजे पुस्तकातील 'मी' वाचकाला भेटते ती भूमिकेच्याच नावाने. असा मजकूर साक्ष म्हणून उद्धृत करताना त्याच्या घडणीचा उल्लेखही न करणे हा इतिहासलेखनाचा दोष आहे. आणि त्याला आत्मचरित्र म्हणून शिकवताना तो उल्लेख टाळणे हा साहित्यशिक्षणाचा.

यासाठी फार मोठ्या सिद्धांताची गरज नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांना जी शिस्त लावली गेली, तिचा शतांशही येथे पुरेल: 'माणूस'मधील पाठ आणि पुस्तकातील पाठ समोरासमोर ठेवावेत, नंतरच्या आवृत्त्यांतील फरक टिपावेत, 'नवयुग'मधील फाळक्यांची लेखमाला टीपांसह संपादित करावी, 'जाऊ मी सिनेमात?'ची विश्वसनीय चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन सत्रांत पेलेल असे हे काम आहे. पण ज्या कागदावर ही नियतकालिके छापली गेली, त्याचे आयुष्य फिल्मपेक्षा फारसे अधिक नाही.

हंसाबाईंच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. त्याचे नाव 'यू आस्क, आय टेल', म्हणजे तुम्ही विचारा, मी सांगते. मराठी शीर्षकात विचारणारा कोठेच नव्हता. तेथे सांगणारी होती आणि 'ऐका' म्हणून जिने दरडावले ते श्रोते होते. अनुवादाने कळत वा नकळत प्रश्नकर्त्याला शीर्षकात आणून बसवले, आणि तसे करताना श्रोत्याला दिलेली ती आज्ञा पुसून टाकली.