नळाला पाणी नाही, आणि दोष सिस्टरचा!

रुग्णालयात जंतुसंसर्ग फैलावला की समिती नेमायची आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ‘कारणे दाखवा’ नोटीस धाडायची, ही आपल्या आरोग्य खात्याची ठरून गेलेली रीत आहे. टाके पिकले, सिस्टर. सलाईनचा हात सुजला, सिस्टर. लघवीच्या नळीपायी थंडी वाजून ताप भरला, तरी सिस्टरच! नोटिशीवर सही करणाऱ्या साहेबांना आमचा एकच सवाल आहे: या बाईने हात धुवावेत तरी कुठे?

गेल्या श्रावणात आमच्या घरचे एक माणूस एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आठ दिवस होते. रुग्णालयाचे नाव देत नाही. वाचकांनी आपल्या गावचे घालून वाचावे, फारसे बिघडणार नाही. वॉर्ड ४० खाटांचा, रुग्ण ५६. खाटेवर मावले नाहीत ते दोन खाटांच्या मधे सतरंजीवर. सिस्टर दोन. कोपऱ्यात एक बेसिन, त्याच्या नळाची तोटी गॉजच्या पट्टीने आवळून बांधलेली, खाली फरशी पुसायची बादली. वरच्या भिंतीवर मात्र हात कसे धुवावेत याचे रंगीत चित्र, प्लास्टिकमध्ये मढवलेले! हँडरबच्या बाटल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली इन्चार्जकडे. आमच्या मुक्कामात एक तपासणी पथक येऊन गेले. त्या दिवशी खाटेखाटेला निळ्या द्रावाची बाटली लटकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी त्या मोजून परत कपाटात ठेवल्या. आम्ही विचारले, तेव्हा सिस्टर हसून म्हणाली, “इंडेंट टाकून महिना झाला, काका. साबण आम्हीच वर्गणी काढून आणतो.”

आता जरा हिशेब मांडू. ५६ रुग्णांना दोन सिस्टर, म्हणजे एकीच्या वाट्याला २८. बीपी-ताप बघणे, गोळ्या-इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग असा एका पाळीत एका रुग्णाला चारदा तरी हात लागतो. रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात स्वच्छ करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे नियम सांगतात. सवलत म्हणून एकाचे ‘नंतर’ हेच दुसऱ्याचे ‘आधी’ धरले, तरी ११२ वेळा झाले. साबण-पाण्याने नीट धुवायला किमान ४० सेकंद लागतात. म्हणजे सव्वा तास नुसता नळाखाली. कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंतची ये-जा धरली तर त्याच्या दुप्पट. आठ तासांच्या पाळीतले अडीच तास हात धुण्यात घालवणाऱ्या सिस्टरला कोणते प्रशासन शाबासकी देईल? अर्धी औषधे द्यायची राहिली म्हणून तिलाच धारेवर धरतील. खाटेशी हँडरबची बाटली असती, तर हेच काम २०-३० सेकंदांत, जागच्या जागी झाले असते. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ खाटांमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १ असे आहे. २८ हा आकडा त्या कागदावर कुठल्या ओळीत बसतो, ते मंत्रालयाने सांगावे.

पण प्रश्न नुसत्या पाण्याचा आणि पदांचा नाही. आमच्या रक्तात भिनलेल्या सोवळ्या-ओवळ्याचाही आहे. माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो म्हणून पिढ्यान्पिढ्या अंगावर पाणी ओतून घेणारा हा समाज! त्याच समाजाच्या रुग्णालयात मोठे साहेब राऊंडला निघतात. पहिल्या खाटेवरच्या बाईचे पोट दाबून बघतात, मग दुसरीचे, मग तिसरीचे. मागे आठ-दहा शिकाऊ डॉक्टर, त्यांचेही हात त्याच पोटांवर. तोच स्टेथोस्कोप, तोच बीपीचा पट्टा. बेसिनकडे कोणी फिरकत नाही, कारण साहेबांचे हात जन्मजात सोवळ्यात! मागे फाईल धरून उभी असलेली सिस्टर हे सगळे बघते. नियम तिला पाठ असतो. पण “सर, हात” एवढे दोन शब्द उच्चारण्याची तिची प्राज्ञा नाही. उच्चारले तर पुढच्या महिन्याच्या ड्यूटी-यादीत त्याचे उत्तर मिळते.

न धुतलेल्या हातांपायी व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातही एकेकाळी हेच घडले होते. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत, आणि सुइणींच्या विभागात घ्या म्हणून गरोदर बाया हातापाया पडत. तिथल्याच इग्नाझ सेमेलवाईस या डॉक्टरच्या ध्यानात आले की डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येतात. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागातला मृत्युदर १८ टक्क्यांच्या घरात होता. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि जूनमध्ये तो दोन-अडीच टक्क्यांवर आला. त्याबद्दल त्याला काय मिळाले? प्रतिष्ठित डॉक्टरांचे हात अस्वच्छ म्हणतो म्हणून हेटाळणी, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून मरण. मृत्यू कोणाच्या हातांनी वाहून आणला होता आणि ठपका कोणावर ठेवण्याची सवय आहे, हे आमच्या चौकशी समित्यांनी ताडून पाहावे.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. कारणे अनेक असतील. त्यावर इलाज काय झाला? एका खासदारांनी कॅमेऱ्यांसमोर अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. टाळ्या पडल्या. त्या झाडूने राज्यात एक तरी परिचारिकेचे पद भरले गेले का? त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, बाह्ययंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका संपावर उतरल्या होत्या. तेव्हा मात्र त्या रुग्णांना वेठीस धरणाऱ्या ठरल्या.

आणि त्यांचा स्वतःचा जीव? वापरलेली सुई बोटात घुसली की काविळीचा ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू त्या एका टोचण्यातून शिरू शकतात. एचआयव्ही रोखण्याची औषधे शक्य तर दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. कंत्राटी सिस्टर मात्र टोचले हेच सांगत नाही. सांगितले तर कंत्राट वाढणार नाही, ही भीती! सुया पांढऱ्या डब्याऐवजी काळ्या पिशवीत टाकल्या जातात आणि मग त्या मावशींच्या तळहातात शिरतात. त्यांची तर नोंदही होत नाही. केरळात निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करता करता लिनी पुथुसेरी ही परिचारिका मे २०१८ मध्ये गेली. आमच्या पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई १८९७ मध्ये गेल्या. यांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या हातांनी हेपटायटिस-बी लशीच्या तीन डोसांची तरतूद करावी, कायम आणि कंत्राटी असा भेद न करता, सफाई कामगारांसकट.

सरकारने आणखी इतकेच करावे. प्रत्येक रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणाचे काम पाहणारी पूर्णवेळ परिचारिका नेमावी आणि हात न धुता खाटेशी आलेल्या कोणालाही, मग तो विभागप्रमुख का असेना, थांबवण्याचा लेखी अधिकार तिला द्यावा. दर महिन्याला किती रुग्णांना रुग्णालयातच संसर्ग झाला, तो आकडा केसपेपरच्या खिडकीशेजारी फळ्यावर लिहावा. रिकामी पदे भरावीत, आणि तीही कंत्राटदाराच्या दलालीविना.

वाचकहो, तुमचे माणूस वॉर्डात असेल तेव्हा सिस्टरवर आवाज चढवण्याआधी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जा आणि नळ सोडून बघा. पाणी आले नाही, तर वरच्या मजल्यावर एसीत बसलेल्या साहेबांना खाली बोलवा, आणि त्यांच्यादेखत तो नळ पुन्हा सोडा.