मायटर सॉ घ्यायचा, पण कापायचंय काय?

ड्रिल मशीनवरचा लेख वाचून बऱ्याच जणांनी पुढचे प्रश्न पाठवले. त्यातला एक माझ्याच मामेभावाचा होता : "दादा, गणपतीसाठी यंदा लाकडी मखर घरीच करायचंय. सेलमध्ये कंपाउंड मायटर सॉ दिसतोय. घेऊन टाकू?"

कुठला घ्यावा हे सांगण्याआधी मी त्याच्याकडून कामांची यादी मागवली. वर्षभरात काय काय कापणार, ते लिहून पाठव म्हटलं. यादी आली : मखराची चौकट, चार फोटोफ्रेम, बाल्कनीत कुंड्यांसाठी स्टँड, स्वयंपाकघरातलं एक कपाट आणि टीव्ही युनिट. आजचा लेख याच यादीवर बेतलाय, कारण तुमच्यापैकी अनेकांची यादी थोड्याफार फरकाने अशीच असणार.

आधी हे मशीन करतं काय ते पाहू. गोल पातं एका दांड्यावर बसवलेलं असतं आणि ते वरून खाली येऊन लाकूड कापतं. खालचं टेबल डावी-उजवीकडे फिरतं, त्यामुळे ४५ अंशांचा तिरका कट मिळतो. हा झाला मायटर. पातंही बाजूला कलत असेल तर त्याला बेव्हल म्हणतात. दोन्ही एकाच वेळी करता येतं म्हणून नाव कंपाउंड.

म्हणजे हे मशीन लांब, अरुंद लाकूड आडवं कापण्यासाठी आहे : पट्ट्या, बीडिंग, चौकटीचे उभे-आडवे तुकडे, स्टँडचे पाय. आठ बाय चार फुटांचा प्लायवूड कापणं हे त्याचं काम नाही. दहा इंची साध्या मशीनवर सरळ कट जेमतेम साडेपाच इंच रुंदीचा बसतो आणि ४५ अंशांवर तर चार इंचांच्या आसपास. परदेशी व्हिडिओंमध्ये हा सॉ सगळीकडे दिसतो, कारण तिकडे घरंच लाकडी चौकटींवर उभी राहतात. आपल्याकडे घरातलं बरंचसं फर्निचर प्लायचं. त्यामुळे भावाच्या यादीतलं कपाट आणि टीव्ही युनिट मी सरळ खोडलं. त्यासाठी दुकानातूनच मापाने प्लाय कापून आणावा, किंवा सर्क्युलर सॉ आणि सरळ पट्टी वापरावी.

उरली तीन कामं. त्यात स्टँडचे कट सरळ आहेत. साध्या करवतीने आणि गुण्याने ते होतात, फक्त घाम येतो. मशीनची खरी परीक्षा फ्रेम आणि मखरात आहे.

इथे थोडं गणित. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ कट. प्रत्येक कट फक्त अर्धा अंश चुकला, तर आठ कटांत मिळून चार अंश होतात. तीन कोपरे घट्ट जुळवले की ही सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात जमा होते. दोन इंच रुंदीच्या पट्टीत तिथे सुमारे ५ मिलिमीटरची फट पडते. ती लाकडाच्या भुशाने आणि फेव्हिकॉलने बुजवता येते, पण दिसायची ती दिसतेच. म्हणून मशीन निवडताना वॅटपेक्षा टेबल ४५ वर घट्ट बसतं का आणि मागची आधारपट्टी सरळ आहे का, ते आधी पाहा. दुकानात डेमो मिळत असेल तर सोपी चाचणी आहे. एक सपाट, सरळ पट्टी ९० अंशांवर कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही आधारपट्टीला टेकवून जोडा. कट चुकला असेल तर दुप्पट होऊन दिसेल.

मग कंपाउंडची गरज कधी? भिंती कललेल्या असतील तेव्हा. वर निमुळतं होणारं मखराचं शिखर किंवा तोंडाशी रुंद होणारी लाकडी कुंडी घ्या. चार भिंती उभ्या रेषेपासून ३० अंश कललेल्या हव्या असतील, तर टेबल सुमारे २६.६ अंशांवर आणि पातं सुमारे ३७.८ अंशांवर ठेवावं लागतं. कोड लिहिणाऱ्यांसाठी सूत्र देतो : चार बाजूंसाठी टेबलाचा कोन म्हणजे कलाच्या साइनचा आर्कटॅन. पात्याचा कोन म्हणजे कलाचा कोसाइन गुणिले ४५ अंशांचा साइन, आणि त्याचा आर्कसाइन. शिखर नको असेल, तर बेव्हलला बहुधा हातही लागणार नाही.

माझ्या मते, वर्षातून पाच-सहा शनिवार-रविवार काम करणाऱ्याला दहा इंची, एकाच बाजूला कलणारा, स्लाइड नसलेला सॉ पुरे. स्लाइडवाला सुमारे १२ इंच रुंद फळी कापतो, पण तो जड असतो, महाग असतो आणि बऱ्याच मॉडेलांत रुळांसाठी मागे मोकळी जागा लागते. दोन्ही बाजूंना कलणारं मशीन रोज काम करणाऱ्याचा वेळ वाचवतं. आपण तुकडा फिरवून घेऊ. वाचलेल्या पैशांत ६० दातांचं चांगलं पातं आणि दोन क्लॅम्प घ्या. सोबत येणाऱ्या पात्याला अनेकदा दात कमी असतात. तो कट पटकन होतो, पण कडा फाटतात.

घरात आणण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, वीज. १८०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर घेतं. ते ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर लावू नका. गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट हवा, आणि एक्स्टेन्शनची वायरही तितकीच जाड. दुसरी, आवाज. हे मशीन १०० डेसिबलच्या आसपास ओरडतं. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार इतका आवाज कानांनी दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये. म्हणजे कानाला संरक्षण हवंच, आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजारच्या आजोबांची दुपारची झोपही लक्षात घ्या. तिसरी, धूळ. मशीनची पिशवी सगळा भुसा पकडत नाही. लाकडाच्या धुळीची नोंद कर्करोगकारक पदार्थांत आहे. तेव्हा मास्क लावा आणि लहान मुलं खेळतात त्या खोलीत कापू नका.

आणि बोटं. हे पातं मिनिटाला साधारण ४८०० वेळा फिरतं, म्हणजे दातांचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर. हात पात्यापासून किमान सहा इंच दूर हवा. तेवढा दूर राहत नसेल तर तुकडा क्लॅम्पने धरा, हाताने नाही. पात्याच्या रेषेवरून हात ओलांडून धरायचा नाही. कट झाला की बटण सोडा, पातं पूर्ण थांबू द्या आणि मगच वर उचला. पातं बदलताना प्लग काढलेला असलाच पाहिजे. चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम भागवणारे बरेच दिसतात. ते स्वस्त पडतं म्हणून त्यांचं अनुकरण करू नका.

एवढं वाचून मशीन नको वाटलं, तर मायटर बॉक्स आहे. लाकडी किंवा प्लास्टिकची खाच असलेली पेटी आणि बारीक दातांची करवत काही शे रुपयांत येते. आवाज नाही, वीज नाही. चार फ्रेमांचे बत्तीस कट एका रविवारी आरामात होतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण हाफ लॅप जॉइंट केलाच होता. करवत धरायला हात विसरत नाहीत.

मामेभावाने सध्या मायटर बॉक्स घेतलाय. पण मला यातून वेगळीच कल्पना सुचली. १८९०मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं, ते हातांना काम शिकवण्यासाठी. आपल्या मंडळात गणपतीची सजावट करणारी आठ-दहा पोरं दरवर्षी असतातच. प्रत्येकाने आपापल्या माळ्यावर धूळ खाणारं मशीन ठेवण्यापेक्षा मंडळाने मिळून एकच चांगला सॉ घेतला, तो हॉलमागच्या मोकळ्या जागेत पक्का बसवला आणि शिकवायला एखादे अनुभवी सुतारकाका मानधन देऊन बोलावले तर? माझी वर्गणी पक्की. आणखी कोण कोण तयार आहे ते कळवा, आणि सोबत तुमची कापायच्या कामांची यादीही पाठवा. पुढच्या अंकात पातं कसं निवडायचं ते पाहू.