आवड रात्री दहा वाजता बदलते

"अरे, लोकांची आवडच बदलली" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी ते म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कधी बदलली? नक्की किती वाजता? कारण माझ्या मते याचं उत्तर अगदी नेमकं आहे. रात्री दहा वाजता.

विषय तमाशाचा आहे. (थांबा, लगेच दुसरीकडे क्लिक करू नका. लोककलेच्या नावाने गळा काढायला मी बसलेलो नाही.) माझं म्हणणं छोटं आहे: मुरबाड-शहापूरकडच्या जत्रांमधून तमाशा गेला तो लोकांना नकोसा झाला म्हणून नव्हे. आधी त्याची रात्र काढून घेतली, मग तो रात्रीशिवाय चालेना, आणि मग आपण सगळ्यांनी मिळून निकाल दिला की आवड बदलली.

ज्यांनी तमाशा फक्त 'नटरंग'मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तमाशा म्हणजे नुसती लावणी नाही. आधी गण, मग गवळण, तिथे मावशी आणि कृष्णाची टिंगल, मग बतावणी, मग रंगबाजी, आणि या सगळ्यानंतर वग. वग म्हणजे अख्खं नाटक. राजा, प्रधान, दरोडेखोर, फसवलेली बायको, शहाणा वेडा, सगळं त्यात. गावाची जेवणं उरकायची, गुरांना वैरण पडायची, मग लोक मैदानात यायचे. सुरुवातच नऊ-दहाला, आणि वग रंगात यायचा मध्यरात्रीनंतर. उजाडेपर्यंत खेळ. म्हणजे सोंगाड्याची खरी कमाल, फडाचा खरा कस, जे काही बघायला माणूस दहा मैल चालत यायचा, ते सगळं रात्री बाराच्या पलीकडे होतं.

आता मुरबाड तालुक्यातलं म्हसा घ्या. पौष पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, शेतीची अवजारं, पाळणे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना जत्रा म्हणजे काय विचारा, तीन गोष्टी सांगतील: बैल, घोंगडी आणि तमाशा. आणि तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव आमच्यापासून लांब नाही, माळशेज चढला की पलीकडे जुन्नर तालुका. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि सुपाऱ्या ठरतात.

मग झालं काय?

ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक निकाल दिला आणि पोलीस घड्याळ बघायला लागले. २०१० च्या दुरुस्तीत नुसता भोंगाच नाही, तर वाद्यंसुद्धा त्या नियमात आली. म्हणजे "माइक बंद करा आणि जुन्या पद्धतीने ढोलकी-तुणतुण्यावर करा" असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

इथे मी माझ्या धंद्याच्या भाषेत बोलतो. एक प्रोसेस आहे, तिला सहा तास लागतात. तुम्ही तिला दोन तासांचा टाइमआउट लावला. ती दर वेळी मध्येच मरते. मग तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता, "युजरला हे फीचर नको होतं". कुठल्याही कंपनीत असा रिपोर्ट लिहिणाऱ्याला लोक हसतील. तमाशाच्या बाबतीत मात्र आपण तोच रिपोर्ट पंधरा-वीस वर्षं एकमेकांना फॉरवर्ड करतोय.

फडमालकाने काय करावं? गर्दी जमेपर्यंत साडेआठ वाजतात. हातात दीड तास. त्यात गण उरकायचा, गवळण उरकायची, आणि वग तर गेलाच. उरतात गाणी. मग गाणीच करायची तर कमिटीवाले म्हणतात, शंभर-सव्वाशे माणसांचा फड, त्यांचे ट्रक, त्यांचा स्वयंपाक, एवढी सुपारी कशाला द्यायची? ऑर्केस्ट्रा आणू. ऑर्केस्ट्रा तरी कशाला, डीजे आणू. वग काढून घेतल्यावर तमाशा आणि डीजे यांची तुलना होते फक्त आवाजाची आणि पैशाची, आणि त्या दोन्हींत तमाशा हरणारच. या शर्यतीत आवड कुठे आली?

२०२२ च्या आसपास गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांनी महाराष्ट्र ढवळून काढला तेव्हा बऱ्याच लोकांनी तिलाच तमाशाचा मारेकरी ठरवलं. मला ते पटत नाही. रेकॉर्ड केलेली गाणी, छोटा ताफा, तास-दीड तासाचा कार्यक्रम. दहाच्या आत बसणारं गणित आहे हे. नियमांनी जी जागा शिल्लक ठेवली त्या जागेत जे मावतं ते वाढलं. तिच्यावर दात-ओठ खाऊन काय उपयोग?

बरं, तो नियम एकदा नीट वाचा. रात्री दहानंतर बंदी आहे, पण बंदिस्त जागा सोडून. सभागृह, कॉन्फरन्स हॉल, बँक्वेट हॉल. म्हणजे ज्याच्याकडे चार भिंती आणि एसी आहे त्याला रात्र आहे. ज्याच्याकडे कनात आणि तंबू आहे त्याला नाही. कायद्याने कुठेही "गरिबांची करमणूक बंद" असं लिहिलेलं नाही, पण भिंतीची अट घातली की परिणाम तोच होतो. म्हशाच्या मैदानात बँक्वेट हॉल कुठून आणायचा?

याच नियमांत एक खिडकी ठेवलीय. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी रात्री बारापर्यंत सूट देता येते. जिल्हाधिकारी दर वर्षी दिवसांची यादी काढतात. गणपती, नवरात्र, शिवजयंती हे ठीकच. पण अशा याद्यांमध्ये साधारणपणे ३१ डिसेंबरही असतो. ३१ डिसेंबर हा नक्की कुठला सांस्कृतिक किंवा धार्मिक सण, हे मला कोणीतरी समजावून सांगा. आणि तो चालतो तर पौष पौर्णिमा का चालत नाही?

जानेवारी २०२० मध्ये 'मुंबई २४ तास'चा गाजावाजा आठवतोय का? मॉल, रेस्टॉरंट रात्रभर उघडी, रोजगार वाढेल, रात्रीची अर्थव्यवस्था वगैरे. माझ्या ऑफिसातले सगळे खूश होते, मीही विरोधात नव्हतो. पण रात्रीची अर्थव्यवस्था जत्रेत कधीपासून चालत आली होती की! वडेवाला, चहावाला, पानवाला, पाळणेवाला, फडातला ढोलकीवाला, सगळ्यांचं पोट रात्रीवरच होतं. मुंबईत केलं की 'नाइट लाइफ', म्हशात केलं की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. भातसा आणि तानसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. पाणी गेलं त्याच वाटेने आमची रात्रही गेली म्हणायचं.

आणि हीच मंडळी वर्षातून एकदा थायलंडला जातात. जरूर जा. तिथे स्थानिक लोकांचा जुना थाई डिस्को नावाचा प्रकार होता, काही ठिकाणी अजून आहे. उंच छोट्या टेबलांभोवती मित्र उभे, समोर स्टेजवर एकामागून एक गायक, नाचणाऱ्यांचा ताफा, मध्ये विनोदी मंडळी. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? २००१ पासून तिथल्या गृहमंत्र्यांनी 'सामाजिक शिस्त' म्हणून बंद करायच्या वेळांचा बडगा उगारला. तरुण हळूहळू चकचकीत क्लबांकडे गेले, आणि तिथेही लोक म्हणतात, आवड बदलली. मग डिसेंबर २०२३ मध्ये त्याच देशाने बँकॉक, फुकेत, पट्टाया, चियांग माई अशा ठिकाणी पहाटे चारपर्यंत परवानगी दिली. कशासाठी? पर्यटनासाठी. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. कष्टकऱ्याची रात्र शिस्तीत बसवायची आणि पाहुण्याची मोकळी सोडायची, हा नियम बहुतेक जगभर चालतो.

आता आक्षेप.

पहिला: आवाजाचा त्रास. हा आक्षेप खरा आहे. २००५ चा निकाल ज्या याचिकेवर आला तिच्यामागे एका अत्याचार झालेल्या मुलीची किंकाळी भोंग्यांच्या आवाजात कोणाला ऐकू आली नाही, अशी घटना होती. नियम उगाच आलेला नाही आणि तो काढा असं मी म्हणतच नाही. पण आमच्याकडे लग्नसराईत या. हळदीच्या रात्री डीजेच्या भिंती लागतात, छातीत धडधड होते, घराची कौलं थरथरतात. दहा वाजता बंद होतात? क्वचित. डीजे टेम्पोवर असतो, पोलीस आले की बंद, गेले की चालू. तमाशाला आधी परवानगी काढावी लागते, तंबू ठोकावा लागतो, तो कुठे पळणार? जो रीतसर अर्ज करतो त्यालाच नियम लागू होतो, ही यातली गंमत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: तमाशा म्हणजे ठरावीक जातींच्या बायकांचं शोषण, मरू दे की. शोषण होतं आणि आहे, यात शंका नाही. उचल घेऊन बांधली गेलेली माणसं, शिट्ट्या, अंगावर येणारे हात, म्हातारपणी हाल. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाले, तरी २००२ मध्ये गेल्या तेव्हा शेवटचे दिवस हलाखीतच होते. पुढे सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार काढला. (आपण हे फार छान करतो.) पण धंदा बंद केल्याने शोषण थांबतं हे कुठे दिसलंय? २००५ मध्ये राज्याने डान्सबार बंद केले आणि तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना मात्र त्यातून वगळलं. तीन ताऱ्यांखाली नाचलं तर अश्लील, वर नाचलं तर करमणूक! तो भेदभाव मुंबई उच्च न्यायालयाला पटला नाही आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही नाही. तोवर त्या बायका कुठे गेल्या, याची चौकशी बंदी घालणाऱ्यांनी केली का? तमाशातल्या बाईला निदान फड होता, सोबतीला माणसं होती, वगात संवाद होते. फड मोडला की उरतो फक्त नाच, आणि तिची सौदा करायची ताकद आणखी कमी होते. शोषणाची एवढी काळजी असेल तर विमा द्या, पेन्शन द्या, उचलीच्या व्यवहाराला कायदा लावा. दहाचा टोला हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरा: मोबाईल आला, आता कोण रात्रभर बसतं? अहो, हेच लोक रात्रभर वेबसिरीज बघतात. सहा तासांची गोष्ट एका बैठकीत संपवायची सवय गेलेली नाही, उलट वाढलीय. बसायला जागा तेवढी दिली नाही.

आणि राजकीय इच्छाशक्ती नव्हती असंही नाही. बैलगाडा शर्यत बघा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला, डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी मिळवली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाकडून शिक्कामोर्तब करून घेतलं. सगळे पक्ष एक झाले. परंपरा, संस्कृती, शेतकऱ्याचा अभिमान! बैलाची परंपरा वाचवायला वकिलांची फौज उभी राहते, कारण बैलामागे मालक आहे, मालकामागे गाव आहे, गावामागे मतं आहेत. ढोलकीवाल्यामागे कोण आहे? २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन यात्रांचे हंगाम करोनात बुडाले तेव्हा फडांवर कर्जाचे डोंगर झाले. तेव्हा कुठला पक्ष एक झाला?

माझी मागणी फार मोठी नाही. पंधरा दिवसांच्या यादीत काही वेळा एखाद-दोन दिवस स्थानिक गरजेसाठी राखून ठेवतात. ते दिवस तालुक्यातल्या मोठ्या जत्रेला द्या. म्हशासाठी ग्रामसभांनी तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, तो वेळेत, यादी निघायच्या आधी. बारापर्यंत तर बारापर्यंत, निदान छोटा वग तरी होईल. आवाजाची मर्यादा घाला, मोजायचं यंत्र लावा, मोडली तर दंड करा. आणि तालुक्याला एक बंदिस्त रंगमंच बांधा, म्हणजे नियमातली ती भिंतीची अट आम्हीही पूर्ण करू. समाजमंदिरांना आणि कमानींना निधी निघतो, तर यालाही निघेल.

हे सगळं करून, पूर्ण खेळ लावून, तिकीट ठेवून, तरीही लोक आले नाहीत, तर मी मान्य करीन की आवड बदलली. आधी टाइमआउट काढा, मग टेस्ट करा. तोपर्यंत ते वाक्य कृपया माझ्यासमोर बोलू नका.