वाट वळते तेव्हा

2 एप्रिल 2025 रोजी लंडनहून मुंबईला निघालेलं एक विमान तुर्कस्तानातल्या दियारबाकिर शहरात उतरवावं लागलं. एका प्रवाशाची तब्येत बिघडली होती. उतरल्यावर विमानातच बिघाड निघाला आणि दोनशेहून अधिक माणसं, बहुतेक भारतीय, चाळीस तासांच्या वर तिथे अडकून पडली. विमानतळ लष्कराच्याही वापराचा. एवढ्या माणसांत एकच संडास, पांघरुणं अपुरी, असं प्रवाशांनी सांगितलं. अंकाऱ्यातली आपली वकिलात हलली आणि 4 एप्रिलला दुसरं विमान त्यांना घेऊन निघालं.

अहेरीत बसून ही बातमी वाचताना मला आधी त्या संडासाचंच सुचलं. पाळी आलेल्या बाईनं काय केलं असेल? अंगावर पाजणारीनं आडोसा कुठे शोधला असेल? मी वाचलेल्या बातम्यांत मोबाइलच्या चार्जरची अडचण होती, ही नव्हती.

आणखी एक. दियारबाकिर हे टायग्रिसच्या काठचं, काळ्या दगडी तटबंदीचं कुर्दांचं शहर. गुलतान किशानाक ही बाई 2014 मध्ये तिथे सहमहापौर म्हणून निवडून आली. त्यांच्या पक्षात एका पदावर एक बाई, एक पुरुष अशी जोडी असते. 2016 मध्ये तिला अटक झाली, ती सुटली 2024 मध्ये. विमानतळावर अडकलेल्यांना यातलं काही दिसलं नसणार. आमच्या भागाचंही तेच आहे. बाहेरच्याला बंदूक दिसते, बाई दिसत नाही.

आमच्याकडे विमान नाही, पण वाट वळण्याचं आम्हांला नवल नाही. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सिरोंचा तालुक्यातल्या एका आतल्या गावची माडिया बाई आम्ही अहेरीकडे आणत होतो. दुसरं बाळंतपण, अंगात रक्त कमी. आलापल्लीच्या रस्त्यावर एका नाल्याचं पाणी पुलावरून वाहत होतं. जीपवाल्यानं थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. "मंचेरियलला जाऊ, ताई." सिरोंच्याला मागे येऊन प्राणहितेचा पूल ओलांडला आणि आम्ही तेलंगणात. पुढच्या पाट्या तेलुगूत. सिरोंच्याच्या बाजारातल्या बायकांना तेलुगू घरचीच, सोयरिकीही पलीकडे. पण ही बाई फक्त माडिया बोलणारी. तिच्या सासूनं मला काहीतरी विचारलं, तिच्या मुलानं सांगितलं, "आई म्हणते, हा मुलूख कोणाचा?"

दवाखान्यात नर्स तेलुगूत बोलायची, जीपवाला ते मला मराठीत सांगायचा, मी नवऱ्याला, आणि नवरा बायकोला माडियात. एम.एस.डब्ल्यू.ला संवादकौशल्यात मला चांगले मार्क होते! ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. सही नवऱ्याची घेतली. बाईला विचारायचं तर चौघांच्या तोंडून जावं लागणार होतं, म्हणून कुणी विचारलंच नाही. मीही नाही. संमतीवर शिबिरं घेणारी मी, पोत्यासारखी भिंतीला टेकून उभी होते.

बाई वाचली, मुलगी वाचली. तिथल्या नर्सनं आपल्या डब्यातला भात सासूला दिला, हेही लिहायला हवं. पण 1969 च्या कायद्यानं जन्माची नोंद जन्म झाला तिथेच होते. मुलीचा दाखला आणायला बापाला नदीपार दोन खेपा घालाव्या लागल्या, दोन्ही वेळा मजुरी बुडाली. आमच्या बाजूच्या एका कार्यालयातून बाळंतपणाच्या मदतीचा अर्ज परत आला, का तर बाळंतपण महाराष्ट्रात नाही. नाल्यावर पूर आला तो तेवढा महाराष्ट्रातला होता.

शहरातल्या मैत्रिणी विचारतात, माहेरघरं आहेत ना? आहेत. दिवस भरत आलेल्या बाईनं आरोग्य केंद्राशेजारी आधीच येऊन राहायचं, ही कल्पना चांगलीच आहे. पण रोवणी तोंडावर, पहिलं लेकरू कडेवर, घरात रांधणारं दुसरं कोणी नाही, अशा बाईनं कोणाच्या भरवशावर घर सोडायचं? ती आली नाही की "या बाया ऐकत नाहीत" असा शेरा पडतो. रस्त्यावर मात्र शेरा पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पलीकडची वाट हा आमच्याकडे अपघात नाही, ती पावसाळ्यातली नेहमीची वाट आहे. मग ती आधीच का ठरवू नये? दोन्ही बाजूंच्या दवाखान्यांनी एकमेकांशी लेखी बोलावं. गाडीत माडिया बोलणारी एक बाई असावी, नवऱ्याव्यतिरिक्त, आणि तिच्या मुक्कामाचे पैसे आधी हातात पडावेत. अर्जावर राज्याचं नाव पाहून बाईचा हक्क ठरू नये. पूल बांधताना नदी दोन राज्यांची आहे हे आडवं आलं नाही, कागदालाच का यावं?

आम्ही आता गावातल्या गरोदर बायकांना आधीच विचारायला लागलो आहोत, पाणी चढलं तर तुला कुठल्या बाजूला न्यायचं? पहिली म्हणाली, "नवऱ्याला विचारा." दुसरी बराच वेळ सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "चेन्नूरला माझी बहीण दिलीय. तिकडं न्या."

आमच्या यादीत चेन्नूर नव्हतंच.