मोठे टायर, खोटा काटा

चोर्ला घाटाच्या वळणांवर किंवा म्हापसा-पणजी महामार्गावर उंच, रुंद टायरांची थार, जिम्नी अथवा जुनी जिप्सी दिसली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर आपसूक तिच्यावर खिळते. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आणि जून २०२३ मध्ये जिम्नी बाजारात आल्यापासून चिखल, खडक आणि ओढे तुडवणाऱ्या गाड्यांची हौस मूठभर शौकिनांपुरती राहिलेली नाही. गाडी घरी आली की कारखान्यातून आलेले टायर उतरवून मोठे टायर चढवणे, हा या हौसेचा जणू पहिला संस्कार झाला आहे. टायर बदलले जातात. पण ते बदलल्याचे गाडीच्या संगणकाला सांगायचे मात्र राहून जाते. परिणामी समोरचा काटा खोटे बोलू लागतो आणि चालक त्यावर निःशंकपणे विश्वास ठेवतो.

संगणक कसा फसतो?

आधुनिक गाडीच्या संगणकाला रस्ता दिसत नाही. त्याला केवळ चाकाचे फेरे मोजता येतात. प्रत्येक चाकाच्या हबजवळ दातेरी किंवा चुंबकीय कडे असते. ते फिरताना शेजारचा सेन्सर विद्युत स्पंद पाठवतो. ठरावीक वेळात किती स्पंद आले, हे मोजून संगणक त्या संख्येस टायरच्या परिघाने गुणतो आणि वेग ठरवतो. हा परीघ कारखान्यातच त्याच्या स्मृतीत लिहिलेला असतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते. संगणक मात्र जुन्याच परिघाने हिशेब करीत राहतो.

हा फरक किती, हे टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांवरूनच काढता येते. २०२० च्या थारच्या एका श्रेणीत २४५/७५ आर १६ हे माप होते. त्याचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. दुसऱ्या श्रेणीतील २५५/६५ आर १८ चा व्यास ७८९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन टक्के अधिक आहे. हौशी चालकाने १६ इंची रिमवर २८५/७५ मापाचा टायर चढवला, तर व्यास ८३४ मिलिमीटर होतो आणि फरक पावणेआठ टक्क्यांवर जातो. संगणकाच्या हिशेबाने वेग ८० असतो, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ८६ किलोमीटरने धावत असते. १०० म्हणजे जवळपास १०८.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ व्या नियमानुसार स्पीडोमीटरने प्रत्यक्षाहून कमी वेग कधीही दाखवता कामा नये. थोडा अधिक दाखवला तर चालतो. त्यामुळे अनेक गाड्यांचे काटे मुळातच किंचित पुढे असतात. मोठा टायर प्रथम ही राखीव मर्यादा गिळतो आणि मगच उलट्या दिशेला जातो. ‘मोबाईलवर वेग पाहिला, तर काटा आता अगदी बरोबर दाखवतो,’ असे समाधानाने सांगणाऱ्याच्या लक्षात हे येत नाही, की त्याच्या सुरक्षेसाठी ठेवलेली फट बुजली आहे.

किंमत कोण मोजतो?

सहा किलोमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पावणेआठ टक्क्यांनी वाढला, तर ऊर्जा सोळा टक्क्यांनी वाढते. त्यातच टायरची त्रिज्या वाढल्याने तेवढाच ब्रेक दाबूनही रस्त्यावर लागणारा जोर कमी होतो. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या मोटारींत ८० च्या पुढे गेल्यास अधूनमधून आणि १२० च्या पुढे गेल्यास सतत वाजणारा वेगइशारा सक्तीचा आहे. संगणकच फसला असेल, तर हा इशाराही उशिरा वाजतो. पोलिसांचे रडार मात्र टायर पाहत नाही. ते खरा वेग मोजते आणि हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपयांचा दंड होतो.

किलोमीटरच्या नोंदीचेही तेच. ओडोमीटरवर दहा हजार दिसतात, तेव्हा गाडी सुमारे १०,७७५ किलोमीटर चाललेली असते. ऑईल बदलण्याची वेळ टळून जाते. वापरलेली गाडी घेणाऱ्याच्या पदरी नोंदीपेक्षा अधिक झिजलेले यंत्र पडते. मायलेजचा भ्रम याहून गमतीदार आहे. मोठ्या, जड टायरने इंधन अधिक लागते हे खरेच. पण लिटरला प्रत्यक्ष १२ किलोमीटर देणारी गाडी चुकीच्या नोंदीमुळे ११.१ दाखवते. टायरला दिल्या जाणाऱ्या शिव्यांपैकी काही या ओडोमीटरच्या वाट्याच्या असतात.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर कोणत्या वेगाला बदलायचा, क्रूझ कंट्रोलने कोणता वेग राखायचा, हेही याच हिशेबावर बेतलेले असते. एबीएस आणि स्थैर्यनियंत्रण प्रणाली चारही चाकांच्या गतीची एकमेकांशी तुलना करतात. त्यामुळे चारही टायर सारखेच मोठे असतील, तर ती तुलना फारशी बिघडत नाही. पंक्चर झाल्यावर जुन्या मापाचे पाचवे चाक लावले, की मात्र ती चक्रावते. अशा वेळी कोरड्या डांबरावर फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यास ट्रान्स्फर केसवर घातक ताण येतो. म्हणूनच बदलायचे तर पाचही टायर बदलावे लागतात.

उपाय आहे, पण अपुरा

यावरचा तांत्रिक उपाय अवघड नाही. टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडीत नेहमीचे वजन ठेवून, टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी. चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकलावी आणि पडलेले अंतर फितीने मोजावे. गाडीच्या वजनाने टायर किंचित दबत असल्याने हे माप कागदावरच्या गणितापेक्षा अधिक विश्वसनीय असते. मग डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला निदानयंत्र जोडून हा नवा परीघ संगणकात भरायचा आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर जीपीएसशी वेग पडताळायचा. यात आधीच्या किलोमीटरची नोंद बदलत नाही. पुढचा हिशेब तेवढा खरा होतो. मात्र प्रत्येक गाडीत ही सोय खुली नसते. ती नसताना स्वस्त नकली यंत्रांनी केलेल्या खटपटीत संगणकच निकामी होण्याची व वॉरंटी गमावण्याची भीती असते.

शिवाय काटा खरा झाला, म्हणून गाडी सुरक्षित होत नाही. वाढलेले वजन, सरकलेला गुरुत्वमध्य आणि ब्रेकवरील भार यांवर सॉफ्टवेअर हा उतारा नव्हे. अमेरिकेत २०२१ मध्ये फोर्ड ब्रॉन्को आणि जीप रँग्लर या गाड्या ३५ इंची टायरांसह कारखान्यातूनच मिळू लागल्या. मात्र तेथे निर्मात्यांनी केवळ टायर बदलले नाहीत. ॲक्सलचे गुणोत्तरही त्या मापाला साजेसे ठेवले. टायर हा संपूर्ण यंत्रणेचा एक भाग आहे, हे त्यातून दिसते. आपल्याकडे मात्र जमिनीपासूनची उंची जेमतेम तीन सेंटीमीटरने वाढवण्यासाठी एकट्या टायरला राबवले जाते.

कायद्याची पोकळी

कायदा काय सांगतो? मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हे नि:संदिग्धपणे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवले, तर मालकाची बाजू लंगडी पडते, ते वेगळेच.

पण बंदी कागदावर आणि टायर रस्त्यावर, अशी स्थिती आहे. नव्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या काळात तिची सक्तीची तांत्रिक तपासणी होत नाही. मोठे टायर लपवावे लागत नाहीत, ते मिरवले जातात; लपून राहते ती संगणकाची दुरुस्ती, कारण मूळ बदलच नियमबाह्य असताना अधिकृत कार्यशाळेने तो नोंदवावा कसा? म्हणजे बंदीने टायर थांबलेले नाहीत. काटा खरा करण्याची वाट तेवढी अडली आहे.

यातून मार्ग कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने वाहनातील बदलांसाठी मापदंड व मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. सीएनजी किट मान्यताप्राप्त असेल व त्याची नोंद नोंदणीपत्रात झाली असेल, तर ते वैध ठरते. टायरसाठीही व्यासवाढीची मर्यादा, संगणकाची दुरुस्ती, वेगाची पडताळणी आणि नोंदणीपत्रावर शेरा अशी रीत घालून देता येईल. मर्यादेपलीकडचे टायर मग खुशाल उतरवावेत. तोवर गोव्याच्या वाहतूक खात्याला एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. रेंट-अ-कॅब आणि टॅक्सी यांना ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावेच लागते. त्या वेळी टायरच्या बाजूवरील माप निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, डोळे पुरतात.

भाड्याने घेतलेल्या गाडीतला पर्यटक असो की सांगे-सत्तरीच्या पावसाळी वाटा धुंडाळणारा स्थानिक तरुण, दोघेही समोरच्या काट्यावर विसंबून वळण घेतात. पलीकडून शाळेतले मूल घेऊन येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या काट्याशी काही देणेघेणे नसते. त्याच्या अंगावर येतो तो खरा वेग.